जाड सेल

सेल आत बसला, झाकण फिरलं, पण टॉर्च काही लागली नाही.

सेवकरामने सेल काढून तळहातावर घेतला. हा बाजारात कुठेही मिळणारा बारीक सेल. या टॉर्चला लागायचा चार्जिंगचा जाड सेल, आणि तो बनवणंच कंपनीने बंद केलं होतं. बारीक सेल आत खुळखुळायचा आणि त्याचं सपाट डोकं वरच्या पट्टीला टेकायचं नाही.

"जुना सेल मेला, भाऊ," तो म्हणाला. "रोज वापरून तीन वर्षं टिकला, हेच पुष्कळ झालं."

समोर स्टुलावर दुधराम बसला होता. वर पंखा गरगरत होता, तरी कपाळापर्यंत गुंडाळलेला दुपट्टा त्याने सोडला नव्हता.

"आजच होईल ना जी? दिवेलागणीच्या आत?"

"काऊन एवढी घाई?"

"आईची टॉर्च आहे. मावशी त्या काठावरून वाट पाहून राहते."

तेव्हा कुठे सेवकरामला आठवलं. तीन वर्षांपूर्वी केशोरीच्या बाजाराच्या दिवशी दोन म्हाताऱ्या बहिणी दुकानात शिरल्या होत्या. दोघी ठार बहिऱ्या. एक इटियाडोह धरणाच्या या काठाला दिलेली, दुसरी त्या काठाला. कुठल्याशा लग्नात मानपानावरून दोघींच्या पोरांचं वाजलं आणि दोन्ही घरांचं येणंजाणं तर सोडाच, बोलणंही बंद झालं. बहिऱ्या माणसांना फोनचा काय उपयोग? म्हाताऱ्यांनी आपला तोडगा काढला. पाण्यापलीकडून दिसेल अशी टॉर्च. रोज दिवेलागणीला या काठावरून तीनदा लावायची, मग त्या काठावरून तीनदा. म्हणजे दोघी जिवंत. त्यासाठी त्यांनी टॉर्च बादलीत बुडवून पाहिली, फरशीवर आपटून पाहिली, सेवकरामचा जीव टांगणीला लावला आणि मग दोन एकसारख्या घेऊन गेल्या.

"अजून चालू आहे ते?" सेवकरामने विचारलं. दुसऱ्याच्या घरची चौकशी केल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"रोज. एक दिवसाचा खंड नाही," दुधराम म्हणाला. "आज लागली नाही, तर मावशी काय समजून घेईल, तुम्हीच सांगा."

सेवकरामने माळ्यावरचे डबे खाली काढले. अर्ध्या तासाने एका डब्याच्या तळाशी जाड सेल सापडला. एकच.

"चार्जिंगला लावतो. पाच वाजता या."

दुपारी तीनच्या सुमारास विशीतली एक पोरगी दुकानात आली आणि तिने काउंटरवर टॉर्च ठेवली. सेवकराम पाहतच राहिला. तीच टॉर्च. जोडीतली दुसरी.

"काका, हिचा सेल पाहिजे. आजच पाहिजे."

एका दिवशी घेतलेले, सारखेच वापरलेले दोन सेल एकाच दिवशी मेले होते. सेवकरामला त्याचं मोठं नवल वाटलं आणि आपण विकलेल्या मालाचा थोडा अभिमानही.

"आजी काऊन नाही आली?"

पोरीने मागे वळून दाराकडे पाहिलं. "आजी गेली, काका. वीस दिवस झाले."

सेवकरामने तिला स्टूल पुढे केलं.

"तेव्हापासून मीच लावून राहिली. इकडची आजी रोज आधी लावते, मग मी. तिले समजलं तर ती हाय खाईल. गावात सगळ्याइले सांगून ठेवलं, खबर या काठाला जाऊ द्यायची नाही." तिने टॉर्च पुढे सरकवली. "चारची शेवटची गाडी आहे, काका."

पोरीचं नाव गुंजन. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. चार्जरवर एकच सेल होता आणि तो दुधरामला कबूल केलेला. पण आता हिशेब बदलला होता. या काठाची टॉर्च एक दिवस लागली नाही, तर पलीकडे घाबरायला म्हातारी उरलीच नव्हती. पलीकडची मात्र लागायलाच हवी. इकडे दुधरामची आई तिच्याकडे डोळे लावून बसलेली असणार.

त्याने जाड सेल गुंजनच्या टॉर्चमध्ये घातला. तिने खरंच त्याच्या पायाला हात लावला.

मग तो दुधरामच्या टॉर्चला भिडला. प्लास्टिकच्या नळीचा तुकडा कापून बारीक सेलाला बसवला, म्हणजे खुळखुळणं थांबलं. सपाट डोक्यावर तांब्याची टिकली ठेवली. चौथ्या खेपेला टॉर्च लागली आणि समोरच्या भिंतीवर लख्ख गोळा पडला. सेवकराम स्वतःशीच हसला.

आता मात्र त्याला राहवेना. जिच्यापायी एक पोरगी मेलेल्या आजीचा दिवा जपत होती, त्या म्हातारीला एकदा डोळे भरून पाहायचं होतं. त्याने दुधरामला फोन लावला. "तुम्ही येऊ नका. मीच घरी आणून देतो."

दुधराम गडबडला. "कायले त्रास घेता जी? मीच येतो."

"त्रास कसला?" म्हणत सेवकरामने शटर खाली ओढलं.

तो पोचला तेव्हा सूर्य बुडाला होता. घरासमोरच्या उतारावर, पाण्याला लागून एक सपाट दगड होता. दुधराम तिथे एकटाच उभा होता.

"तुमची आई कुठं आहे?"

दुधरामने टॉर्च घेतली, नेम नीट धरला आणि बटण तीनदा दाबलं. उजेड पाण्यावरून सरळ पलीकडे गेला. मग दोघे वाट पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने त्या काठावर पांढरा ठिपका चमकला. एकदा. दोनदा. तीनदा. जाड सेल चोख काम करत होता.

दुधरामने मोठा श्वास सोडला. डोक्यावरचा दुपट्टा सोडून त्याने डोळे पुसले. खाली गुळगुळीत डोकं होतं, केस नुकतेच कुठे फुटू लागले होते.

"मावशीले सांगू नोका जी," तो म्हणाला. "आई गेली हे समजलं, तर ती जगणार नाही."