भिंतीपासून वीतभर

“बंद पडला!”

भिंतीपलीकडच्या खोलीतून सासऱ्यांची हाक आली तेव्हा ती डोळे चोळत होती. हात बाजूला केले, तर समोर स्क्रीन काळी ठिक्कर. सकाळपासून ही तिसरी वेळ.

“कळलं, बाबा,” ती म्हणाली. कॉम्प्युटर मेल्याचं तिच्याआधी त्यांना कळायचं, तेही पलीकडे खाटेवर पडल्या पडल्या. त्याचं नवल करण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रुग्णांचे अहवाल कानाला लावून ऐकायचे आणि टाइप करून धाडायचे, हे तिचं काम. आज अकरा अहवाल सहाच्या आत जायला हवे होते. “आज परत अडलं, तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल हं मला,” ऑफिसातल्या बाईंनी सकाळीच फोनवर गोड आवाजात सांगून टाकलं होतं. आता अडीच वाजले होते आणि झाले होते फक्त चार.

तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. त्याचीही ही तिसरी खेप.

“ताई, खरं सांगू? माझी अक्कल संपली,” पिशवी खाली ठेवत तो म्हणाला. “मेमरी बदलली, पॉवर सप्लाय बदलला, सगळं पुसून नव्याने भरलं. दुकानात तीन दिवस अखंड चालवला, पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. तुमच्याकडे आला की मान टाकतो. माहेरी ठणठणीत आणि सासरी आजारी!”

एरवी ती हसली असती. “मग सासरचं काय सोसत नाही तेवढं बघा,” म्हणाली आणि खुर्चीत तशीच बसून राहिली. तो यायचा असला की ती टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा आधीच बाहेर ओढून, पुसून ठेवायची. माणूस वाकून काम करणार, त्याला सोपं पडावं म्हणून. आज तेवढं वाकणंही तिच्याने झालं नव्हतं.

तो स्वतःच टेबलाखाली शिरला. डब्यामागे हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“अहो, हा असा असतो? भिंतीला पाठ चिकटवून?”

“छे! मी पुढे ठेवते. रोज ठेवते. मला वाटायचं, माझाच पाय लागून मागे सरकतो.”

त्याने बॅटरी पेटवली. फरशीवर दोन ओरखडे उमटले होते. भिंतीपर्यंत जाणारे, वीतभर लांब. जुन्यावर नवे, नव्यावर आणखी नवे.

“याचा गरम वारा मागून बाहेर पडतो, ताई. नाकतोंड दाबून धरलंय त्याचं, जीव घाबरा नाही होणार तर काय! मी यायचो तेव्हा तुम्ही ओढून ठेवलेला असायचा. मला दिसणार कसं?” तो गुडघे झाडत उठला. “पण मागे ढकलतं कोण? हा काही आपल्या पायांनी चालत नाही.”

“मी ढकलतो.”

सासरे दारात उभे होते, चौकटीला हात धरून. चोरी पकडलेल्या मुलासारखी नजर खाली.

“सूनबाई चहा ठेवायला जाते ना, तेव्हा.”

“बाबा!” तिचा आवाज चढला. “माझं काम जायची वेळ आलीय. रोज मी देवाला साकडं घालतेय, आणि तुम्ही...? का पण?”

“लांब असला की भिंतीतून ऐकू येत नाही.”

“काय ऐकू येत नाही?”

“त्याची घूंघूं.” ते थांबले. “तुझ्या सासूचं ते ऑक्सिजनचं मशीन असंच घुमायचं. दोन वर्षं उशाशी होतं. ते चालू आहे म्हणजे ती आहे, एवढं कळायचं आणि मला डोळा लागायचा. आता शांत असलं की झोपच येत नाही, पोरी. याने मरावं असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं गं.”

दुरुस्तीवाल्याने पिशवीची चेन ओढली. मग हळूच म्हणाला, “वीतभर जागा सोडा, ताई. बस्स, एवढंच दुखणं आहे.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. सात अहवाल, तीन तास. ती खुर्चीच्या हातांवर भार देत उठली.

“दादा, जाता जाता या टेबलाला एक हात लावाल?”

टेबल आडवं करून दारातून काढावं लागलं. सासरे मागून वायर सावरत आले, लग्नात पदर धरल्यासारखे. त्यांच्या खोलीत, खाटेच्या उशाशी, फरशीवर त्या मशीनच्या चार चाकांच्या खुणा अजून होत्या. तिने डबा नेमका तिथेच ठेवला. भिंतीपासून वीतभर पुढे.

मग ती टाइप करत राहिली. अधूनमधून तिची बोटं आपोआप थबकायची, आता जाईल की काय म्हणून. तो गेला नाही. पाठीमागे खाट कुरकुरली, कुशी बदलल्या गेल्या, आणि मग कुरकुर थांबली.

पावणेसहाला शेवटचा अहवाल गेला. तिने कॉम्प्युटर बंद करायला हात नेला आणि सहज मागे वळून पाहिलं. सासरे गाढ झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेवरून खाली, डब्याला टेकलेला.

तिने हात मागे घेतला. स्क्रीन तेवढी मालवली, आणि टेबलावर हात दुमडून त्यांवर डोकं टेकलं. टेबलाखाली घूंघूं चालूच होती.