ब्रिगेडियरसाहेबांचं जेवण

“ब्रिगेडियरचा आजचा लंचही परत गेला, तर तीन वाजता नाकातून नळी घालायची,” डॉक्टर परीक्षित म्हणाला. “त्याची वजन फार कमी झाला, मीनाक्षीताई. घरी पाठवणं सेफ नाही. नर्सिंग होमच बघावा लागेल.”

परीक्षित इथं इंग्लंडात, लीड्समध्येच जन्मलेला. त्याच्या मराठीत वजन कधी बाई असायचं, कधी बुवा. मीनाक्षी गुप्ते वॉर्डची सिस्टर. एकवीस वर्षं हा वॉर्ड सांभाळत होती, तिला त्याच्या मराठीचं काही पडलेलं नव्हतं.

“सकाळी दाढी करतो, ताठ बसून पेपर वाचतो, आणि जेवायलाच नको म्हणतो? मला नाही पटत.”

“लो मूड आहे, ताई. एटी-एट इयर्स, एकटा, त्यात हिप मोडली.”

“तो मूड माझ्यावर सोड. लंच होऊ दे, मग ये.”

दाराजवळच्या पहिल्या बेडवर ब्रिगेडियर ऑगस्टिन फॉन रोटेनाउ बसले होते. त्यांच्या पूर्वजांचं युरोपात कुठंतरी राज्य होतं. ते केव्हाच बुडालं, पण घराण्यातले पुरुष पिढ्यानपिढ्या सेनापती. यांनी उभं आयुष्य ब्रिटिश सैन्यात काढलं. नळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली होती. नर्सिंग होमचं नाव निघाल्यावर मात्र चेहरा पार उतरला. गावाबाहेर टेकडीवर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्यांना तिथंच परत जायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं बिचाऱ्यांचं.

बारा वाजता जेवणाची ट्रॉली आली. पहिला ट्रे अर्थातच पहिल्या बेडला.

“थँक यू. आधी त्यांचं बघा,” ब्रिगेडियर म्हणाले. रोज प्रत्येक जेवणाला हेच म्हणायचे. पाच दिवस सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘मला नको’ असाच लावला होता.

मीनाक्षी खिडकीशी उभी राहिली. ट्रॉली पुढं सरकली. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. ब्रिगेडियरांची नजर ट्रॉलीमागून चालली होती. शेवटी नजर कोपऱ्यातल्या सहाव्या बेडवर जाऊन थांबली. तिथले हारग्रीव्ह्ज म्हणजे जुने बसड्रायव्हर, हात सतत थरथरणारे. एक घास तोंडात जायला मिनिट लागायचं. बाकीच्यांचं आटोपलं, ट्रे उचलायला माणूस आला, तरी त्यांचं कस्टर्ड चालूच. पहिल्या बेडचा ट्रे तसाच भरलेला उचलला गेला. पाठोपाठ हारग्रीव्ह्जनी चमचा खाली ठेवला, आणि ब्रिगेडियरांचा हात आपसूक पुढं आला. पुढ्यात टेबल रिकामं. त्यांनी हात मागं घेतला आणि पांघरूण सारखं केलं.

“अगं बाई!” मीनाक्षी मोठ्यानं म्हणाली. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय स्वतःचं पान वाढून न घेणारी आई तिनं जन्मभर पाहिली होती, आणि तिला हे कळायला पाच दिवस लागले! तिला स्वतःचीच लाज वाटली. ती तडक त्यांच्यापाशी गेली.

“सर, तुम्ही सगळ्यांचं व्हायची वाट बघत होता?”

ब्रिगेडियरांना प्रश्नच विचित्र वाटला. “अर्थात. एडनच्या डोंगरात माझ्याबरोबर चाळीस माणसं होती. शेवटच्या माणसाला मिळाल्याशिवाय अधिकाऱ्यानं चमचा उचलायचा नाही. आमच्या घरात मुलांना हे चालायला लागल्यापासून शिकवतात. राज्य गेलं, किल्ला गेला. एवढंच राहिलंय.”

“मग बोलायचं नाही का? तुमचं जेवण रोज उचलून नेत होते!”

“स्वतःच्या जेवणाबद्दल बोलायचं?” ते म्हणाले.

मीनाक्षीनं किचनला फोन लावला. लंचची वेळ संपली म्हणणाऱ्या माणसाला तिनं असं काही झापलं, की दहा मिनिटांत नवा ट्रे हजर. गरम सूप, बटाट्याचा मॅश, मटार. परीक्षितही येऊन दारात उभा राहिला.

“हारग्रीव्ह्ज जेवले,” मीनाक्षीनं ब्रिगेडियरांना खणखणीत आवाजात रिपोर्ट दिला. “बाकीचे पाचही बेड बघून आले. कुणी उपाशी नाही. आता तुम्ही.”

ब्रिगेडियरांनी चमचा उचलला. तिच्याकडे पाहिलं.

“आणि सिस्टर, तुम्ही?”

“माझं काय? मी जेवेन सावकाश.”

चमचा परत खाली गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

परीक्षितनं घड्याळ पाहिलं. तेवढं मीनाक्षीला दिसलं. वॉर्डात नर्सनं खायचं नाही हा नियम तिनंच नव्या मुलींना शंभरदा ऐकवला होता. तो गेला खड्ड्यात. तिनं बेडभोवतीचा पडदा अर्धा ओढला, ऑफिसमधून डबा आणला, खुर्ची पुढं घेतली आणि ब्रिगेडियरांच्या समोर बसून मेथीच्या भाजीबरोबर पोळीचा घास तोंडात घातला. चांगला चावून गिळला.

ब्रिगेडियरांनी मान डोलावली, चमचा उचलला, सूपमध्ये बुडवला. तो अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांची नजर पडद्याच्या फटीतून दाराकडे गेली होती.

“आणि डॉक्टर?”

मीनाक्षीनं डब्यातली दुसरी पोळी काढून परीक्षितपुढं धरली.

“ये इकडे, खा पटकन,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे पेशंट उपाशी बसलाय.”