गल्लीची पहिली बातमी

गल्लीची सामाईक टाकी रोज पहाटे कोणीतरी गुपचूप उपसत होतं. व्हिडिओ बातम्यांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या, गल्लीतच शिवणकाम करणाऱ्या एका सुनेने पहिली बातमी त्याच चोरावर करायची ठरवली. शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "संशय सगळ्यांवर घ्यायचा, नाव कोणाचंच नाही."

तिने अगदी मन लावून संशय घेतला.

"काका, कपड्यांवर शिंपडायला पाणी कुठून आणता?"

"अगं, सध्या थुंकीवर भागवतोय!" इस्त्रीवाला म्हणाला.

न्हावी तर उसळलाच. "माझी गिऱ्हाइकं कोरडी दाढी करून रडत घरी जातात. मी काय हौस म्हणून करतो?"

शेवटी तिने सासूबाईंना कॅमेऱ्यापुढे बसवलं. त्या डोळे टिपत म्हणाल्या, "घरात प्यायला घोटभर पाणी नाही गं. त्या चोराचं वाटोळं होवो!" सुनेलाही भरून आलं.

संध्याकाळी बातमी बघायला सगळी गल्ली जमली. कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता, म्हणून जो तो आपली कळशी मांडीवर घेऊनच बसला. पडद्यासाठी सुनेने काढलेली चादर सासूबाईंनी हिसकावून घेतली. "मळकी चादर लावून घराण्याची शोभा करतेस का?" म्हणत त्या ती आत घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने आणून स्वतःच दोरीवर ताणून बांधली.

प्रोजेक्टर सुरू झाला. पडद्यावर सासूबाई डोळे टिपू लागल्या, "घोटभर पाणी नाही गं..."



आणि पडद्याला चिकटून बसलेल्या न्हाव्याच्या कळशीत चादरीतून टपटप पाणी पडू लागलं.