गाळलेली ओळ

रुग्णाच्या शिरेत नळीतून औषध सोडणाऱ्या पंपाने पुन्हा दुप्पट औषध सोडलं. टेबलावरचं मापाचं भांडं भरून वाहिलं आणि ऑफिसात चाचणी बघणारी तिघं, ती, तिचा एक सहकारी आणि साहेब, मागे सरकली.

नळी दाबायची आणि सोडायची, बस्स, तेवढ्यानं पंप बिथरत होता. औषध मर्यादेबाहेर जायला लागलं की थांबायचं, ही ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती. प्रोग्राममध्ये ती होती, पंपात नव्हती. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा जो कंपायलर, त्याने ती ओळ बिनकामाची ठरवून परस्पर गाळली होती. कंपायलर विकतचा, महागडा आणि कुलूपबंद. त्याच्या पोटात काय चालतं ते बघायची सोय नाही.

तिचे बाबा कालपासून हृदयाच्या वॉर्डात होते आणि त्यांना औषध देणारा पंप हाच होता. "आमच्या कंपनीचा आहे, डोळे मिटून लावा," असं तिनेच डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. साहेबांना कळवून ती तिकडे रुग्णालयात असतानाच इकडे ऑफिसात ही भानगड उघडकीला आली होती आणि तिला ती आत्ता, कामावर आल्यावर कळत होती. बाबा झोपेत सारखे कूस बदलतात. नळी अंगाखाली यायला कितीसा वेळ लागतो?

समोर जुनंच भांडण नव्याने पेटलं होतं. उघड्या, मोफत कंपायलरचा कैवार घेणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे फुकटराव म्हणत. त्याने तोच प्रोग्राम उघड्या कंपायलरमधून काढून दाखवला. ओळ जागच्या जागी होती. आतलं सगळं वाचता येतं, चूक दिसली तर आपली आपण दुरुस्त करता येते, मग हे झाकलेलं भूत मानगुटीवर कशाला, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी त्याला उडवून लावलं. वाचता येतं म्हणजे कुणी वाचलंय असं नाही, आणि उद्या तिथे चूक निघाली तर कुणाच्या दारात जाऊन बसणार? विकणारी कंपनी निदान उत्तर देणं लागते. त्या कंपनीला कालच कळवलंय. उत्तर येईपर्यंत रुग्णालयांना काही सांगायचं नाही, उगाच घबराट नको.

साहेब हे इतक्या शांतपणे बोलले की तिला जरा धीर आला. उभा जन्म या धंद्यात काढलेला माणूस. खरंच धोका असता तर असा आरामात चहा पीत बसला असता का? तिने मनाची समजूत घालून पाहिली. मन काही ऐकेना.

शेवटी ती फोन घेऊन उठली. कंपायलरचं काही बोलू नकोस, एवढंच साहेब म्हणाले.

दादा वॉर्डातच होता. बाबांचा पंप आत्ताच्या आत्ता बदलून घे, का ते विचारू नकोस, असं तिने एका दमात सांगितलं.

"अगं, तो सकाळीच बदलला," दादा म्हणाला. "तुझ्या साहेबांचा फोन आला होता इथे. दुसऱ्या कंपनीचा लावा म्हणाले. कारण काही सांगितलं नाही. तुला माहीत नाही?"

तिने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. बाबा वाचले होते. तिला रडू फुटलं, या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी तिने फोन पुन्हा कानाशी घट्ट धरला.

"दादा, काढलेला पंप कुठाय?"

"तो होय? चांगला चालू होता, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना लावला."