नवा मेंबर

कॉलेजातल्या अभिरूप सुरक्षा परिषदेत प्रियदर्शिनी भारताची प्रतिनिधी होती. कायम सदस्य वाढवायच्या तिच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. अमेरिका झालेला कुलदीप तेवढा पाय पसरून म्हणाला, "नवा मेंबर नक्को. सगळे हो म्हणोत, माझा एक नकार बस आहे." सभागृह खो खो हसलं.

पुढे सॉफ्टवेअर कंपनीत लागलेल्या कुलदीपचं स्थळ सांगून आलं, तेव्हा फोटो बघून तिनेच "बोलवा" म्हटलं. चिक्कडपल्लीच्या घरी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली, दोन्हीकडचे वडीलधारे खूश झाले. अंबाजीरावांनी रीत म्हणून लेकीला विचारलं, "आमच्या सगळ्यांचा होकार आहे. तुझं काय, बेटा?"

तिने कुलदीपच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

"नवा मेंबर नक्को, बाबा. माझा एक नकार बस आहे."