आमच्याकडे तर चालतंय

"चौथ्यांदा नाही टाकणार," ती म्हणाली.

खोलीतले सगळे कीबोर्ड थांबले. टीमचा प्रमुख खुर्चीतून वळला. दहा वर्षं घर सांभाळून नोकरीवर परतलेली ही बाई त्याच्याहून वयाने मोठी, म्हणून तो तिला मॅडम म्हणायचा. पण असा, की त्यापेक्षा अरे-तुरे परवडलं असतं.

"मॅडम, मशीनवरचं सगळं पुसा आणि प्रोग्राम पुन्हा टाका. आमच्या सातही मशीनवर चालतंय. तुमचंच बरं अडतं?"

दोन आठवडे ती हेच ऐकत होती. प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर लाल अक्षरं यायची: फाइल सापडली नाही. तिने तीनदा सगळं पुसून नव्याने टाकलं होतं. लाल अक्षरं ढिम्म. आज संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर उद्यापासून येऊ नका, असं प्रमुखाने सकाळीच सांगून टाकलं होतं. खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत तिच्याआधी दोन मुली बसून गेल्या होत्या. दोघीही पंधरा दिवसांत घरी. साधं मशीन लावता येत नाही, या काम काय करणार, असं प्रमुख हसत हसत सांगायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

तिला भीती वाटत होती. ही नोकरी तिने फार खटपटीने मिळवली होती. पण आज भीतीपेक्षा राग मोठा होता.

"ती लाल अक्षरं इथे कोणी वाचलीत का?" तिने विचारलं. "फाइल नाही म्हणतंय, म्हणजे नाहीये. तुमच्या मशीनने ऑफिसच्या सर्व्हरवरून आधी आणलेल्या फाइली साठवून ठेवल्या असतील. तो साठा पुसा आणि चालवून दाखवा. चाललं, तर मी आत्ता पर्स उचलते."

"माझं मशीन चार वर्षं बिनतक्रार चालतंय."

"मग घाबरता कशाला?"

कोपऱ्यात कोणीतरी खाकरलं. आता माघार घेतली असती तर प्रमुखाची शोभाच झाली असती. त्याने साठा पुसला, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसला.

मिनिटभराने त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. तीच.

शेजारच्याने करून पाहिलं. त्याचंही बंद. मग सगळे धावले आणि सर्व्हरच्या जुन्या नोंदी उघडल्या. ती फाइल सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवरून तीन महिन्यांपूर्वीच उडाली होती. जुन्या मशीनकडे तिची प्रत होती, म्हणून त्यांचं भागत होतं. कोऱ्या मशीनला ती मिळणं शक्यच नव्हतं. साफसफाई म्हणून ती कोणी उडवली, तेही नोंदीत होतं. प्रमुखाने ते वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

फाइल परत ठेवायला पाच मिनिटं लागली.

"बरं झालं, सापडलं एकदाचं," प्रमुख म्हणाला. "तुमची नोकरी पक्की समजा, मॅडम. विषय संपला."

"संपला कसा?"

तिने एक चुरगळलेला कागद त्याच्या कीबोर्डवर ठेवला. सकाळी आवराआवर करताना तो तिला आपल्या टेबलाच्या ड्रॉवरच्या तळाशी सापडला होता. दोन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत त्यावर एकच ओळ होती: फाइल सापडली नाही. एकीच्या ओळीखाली लिहिलं होतं, पाचदा टाकून पाहिलं. दुसरीच्या, नऊदा.

"या दोघींना फोन तुम्ही लावताय, की मी लावू?"