टॉलिव्हरला ठेवावे की काढावे

सुजाण वाचकहो, छत्तीस वर्षांच्या, तीनशे पंधरा पौंड वजनाच्या एका मनुष्यास त्याच्या अमेरिकन फुटबॉलच्या क्लबाने ठेवावे की काढावे, एवढ्या एकाच प्रश्नाचा निवाडा पुढील कथेत व्हावयाचा आहे. तीत सामना नाही, जयघोषही नाही. ती शांत चित्ताने वाचावी, ही विनंती.

"पुन्हा दाखवा," एमिल झाबो म्हणाले.

क्लबाचे व्यवस्थापक क्रेग लिंडहोम यांनी बटण दाबले. पडद्यावरील डिसेंबरातला सामना मागे सरकला आणि पुन्हा सुरू झाला. डेस्मंड टॉलिव्हर अडविणाऱ्यांच्या रांगेच्या, म्हणजे लाइनच्या, डाव्या टोकाला वाकून उभा होता. चेंडू फेकणाऱ्यास पाठीच्या बाजूने, डावीकडून, धावून येणारा मनुष्य दिसत नाही. त्या मनुष्यास अडविणे, हेच टॅकल म्हणून टॉलिव्हरचे अकरा वर्षांचे काम. ह्या वेळी तो मनुष्य त्याला वळसा घालून निघून गेला. चेंडू फेकणारा आडवा झाला.

"बघा. पाय उचलायलाच तयार नाही."

"बर्फ होता."

"बर्फ त्या दुसऱ्याच्याही पायाखाली होता, कोच."

झाबो ह्या क्लबात एकोणीस वर्षे लाइनचे प्रशिक्षक होते. टॉलिव्हर, त्यांचा डेझ, त्यांच्याच हाताखाली घडला. दर गुरुवारी तो त्यांच्या घरी जेवावयास येई आणि त्यांच्या पत्नी इलोनाबाई त्याच्यासाठी कोंबडीचे वेगळे पातेले चढवीत. फेब्रुवारीत त्याच टेबलाशी तो म्हणाला होता, "कोच, अजून एकच मोसम. मग मी आपण होऊन बूट काढून ठेवतो." झाबोंनी मान हलविली होती. आता मार्च होता. बुधवारी दुपारी चारच्या आत कोणास ठेवले आणि कोणास सोडले, ते कळवावयाचे होते.

"गुडघा डॉक्टरांनी तीनदा उघडलाय," लिंडहोम म्हणाले. "आणि येत्या मोसमाचे त्याला एक कोटी चाळीस लाख डॉलर द्यायचे. तेवढ्यात मला तिघे मिळतात. तिघांना मिळून सहा चांगले गुडघे."

"आणि डोकी किती?"

लिंडहोम हसले. झाबो हसले नाहीत. वास्तविक त्यांना राग यावयास हवा होता. तो आला नाही. छातीत जेथे राग असावयाचा, तेथे भिजलेला कापूस कोंबल्यासारखे वाटत होते. कॉफी गार झाली होती, ती त्यांनी तशीच पिऊन टाकली. खिडकीबाहेर दोन माणसे गाड्यांच्या तळावरील काळवंडलेला बर्फ खरवडीत होती.

"तुम्ही शाळेत होता ना, तेव्हापासून मी लाइन शिकवतोय," झाबो म्हणाले. "ऐका माझं. मी फळ्यावर तासभर रेघोट्या मारतो आणि नवी पोरं जांभया देतात. डेझ उठतो, एकाला खांद्याला धरून उभा करतो, म्हणतो, 'गाढवा, टाच इथे.' झालं. त्याला कळतं."

"म्हणजे तुमच्यापेक्षा बरा शिकवतो?"

"माझ्यापेक्षा? शंभर पटींनी. लिहून घ्या हवं तर."

"लिहितोय," लिंडहोम म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच लिहिले. "मागच्या मोसमात समोरच्यांचे डाव कोण ओळखायचं? तुम्ही की तो?"

"तोच. मला आता बाजूला उभं राहून तेवढं दिसतही नाही."

"पोरं ऐकतात त्याचं?"

"माझं ऐकल्यासारखं करतात. त्याचं ऐकतात."

आपण मित्राची बाजू चांगली मांडीत आहोत, असे झाबोंस वाटले. लिंडहोम यांनी वही मिटली व पडदा बंद केला.

"पण कोच, टॅकलला मी शिकवायचे पैसे देत नाही. अडवायचे देतो. आम्ही त्याला सोडतोय."

"ठरलं?"

"ठरलं. तो खाली व्यायामशाळेत आहे. तुम्ही जा त्याच्याकडे."

झाबो जिना उतरू लागले. सांगावयाचे वाक्य ते मनात जुळवीत होते. पहिले लांबले. दुसऱ्यात 'दुर्दैवाने' हा शब्द आला. तो त्यांनी काढून टाकला. खालच्या पायरीपर्यंत वाक्य झालेच नाही. हाताखालचा कठडा थंड होता, एवढेच त्यांस जाणवले.

व्यायामशाळा रिकामी होती. टॉलिव्हर बाकावर बसला होता. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. कपाळावर घामाचा थेंब नाही. त्याने वर पाहिले नाही.

"डेझ, मी आता वरूनच येतोय."

"बसा, कोच."

"आधी ऐकून घे, लेका. माझ्याकडून होईल तेवढं मी बोललो. तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोललो नाही, इलोनाची शपथ."

"माहीत आहे."

"पण ते तुला..."

"सोडतायत. मला सकाळीच कळलं." टॉलिव्हरने बाकावर सरकून जागा केली. एवढ्या प्रचंड मनुष्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "बसा ना. तुम्ही उभे असलात तर मला बोलता येणार नाही."

झाबो बसले.

"सोमवारपासून लाइनचा कोच मी आहे. तुमच्या जागी. वर कोणाची जीभ रेटेना, म्हणून तुम्हांला हे सांगायला त्यांनी मला इथे बसवलंय."

आपण ही कथा शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
दत्ताराम भिवा चोरघे